लोणच्याच्या बरणीशेजारचा खडा

भाकरी तव्यात टाकून विजयमालेनं तिच्यावर पाण्याचा हात फिरवला आणि तेवढ्यात दार वाजलं. तिला काही नवल वाटलं नाही. भाकरीला पापुद्रा सुटायची आणि लोकांना तिच्या नवऱ्याची आठवण व्हायची वेळ एकच, हे ती लग्न होऊन देवळाली प्रवऱ्यात आल्यापासून बघत होती.

"बॅटरी न्यायला आलं आसंल कुनी," सासूबाई विमलबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "खिळ्याला आडकवलीय बघ. दे आन् वाटंला लाव. भाकर करपंल."

बॅटरी म्हणजे तिच्या नवऱ्याची, प्राध्यापक डॉक्टर कल्याण भिंगारदिवे यांची, जांभळ्या उजेडाची बॅटरी. सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात हे गावानं ऐकलं होतं, पण सरांच्या बॅटरीत विंचू हिरवागार चमकतो हे गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं. वास्तविक ती बॅटरी विंचवांसाठी नव्हतीच. कार्बनच्या कड्यांना कड्या जोडून कधी कुणी केले नाहीत असे पदार्थ करायचे आणि त्यातला कोणता या उजेडात कसा उजळतो ते पाहायचं, हे सरांचं आयुष्यभराचं काम. अशाच पदार्थांतून पुढं मोबाईलचे पडदे होतात, दिवे होतात. एकदा संध्याकाळी सरांनी ती बॅटरी परसात सहज फिरवली आणि जळणाच्या ढिगाखाली विंचवांचं एक अख्खं कुटुंब दिवाळीसारखं पेटलं. झालं. परदेशी नियतकालिकांत छापून आलेले शोधनिबंध राहिले कपाटात, आणि तालुक्यात सरांचं नाव झालं ते विंचवांवर. कडबा उचलायचा असो नाहीतर जुनं कौल काढायचं असो, लोक आधी बॅटरी न्यायला येत. कॉलेजातली पोरं त्यांना पाठीमागं "विंचूसर" म्हणत.

सरांना ते कळलं तेव्हा दुखावायच्या ऐवजी ते खूशच झाले होते. "विंचवाच्या अंगावरचं जे चमकतं ना," जेवता जेवता त्यांनी सांगितलं, "ते रसायन म्हणजे माझ्या पदार्थांचं चुलतभावंडच."

"भावकी म्हनल्याव डंख मारनारच," विमलबाई म्हणाल्या होत्या.

विजयमालेनं पिठाच्या हातानंच कडी काढली. बॅटरीवाला नव्हता. दारात शेजारचे मच्छिंद्रअण्णा उभे होते आणि त्यांच्यामागं सम्राट, सरांच्या थोरल्या भावाचा मुलगा, शेवगावहून भल्या सकाळी मोटारसायकल दामटत आलेला.

"रामराम वहिनी. सर उठल्यात का?"

"उठलेत. मागच्या खोलीत आहेत."

"काय करत्यात?"

"बसलेत."

खोटं नव्हतं. सर मागच्या खोलीत पाटावर, लोणच्याच्या बरणीसमोर, श्वास धरून बसले होते.

"जय भीम काकू," सम्राट आत येऊन खुर्चीवर ऐसपैस बसला. "नानांना बोलवा. आन् आज त्यांनी न्हाई म्हनायचं न्हाई, आधीच सांगून ठिवतो."

सर न्हाई म्हणतील अशी भीती वाटणारा जगात हा एकटाच, असं विजयमालेच्या मनात आलं. ती भाकरी उलटायला वळली, पण कान बाहेर ठेवून.

महिनाअखेरीला सर निवृत्त होणार होते. शनिवारी कॉलेजात सेवापूर्ती सोहळा होता. शाल, श्रीफळ, भाषणं. हे सगळं तिला माहीत होतं. तिला जे माहीत नव्हतं ते सम्राट आता बोटं नाचवत सांगत होता. कार्यक्रम संपला की कॉलेजच्या फाटकापासून घरापर्यंत उघड्या जीपमधून मिरवणूक. नानांना गुलाबी फेटा, काकूंनाही फेटा. आणि जीपपुढं डीजे.

"डीजे भाड्यानं न्हाई हां काकू. आपला सोत्ताचा. नवी सिस्टीम घेतली ना आवंदा. पयली सुपारी सख्ख्या चुलत्याची! आसा बेस लावतो, गावातली एक काच गप ऱ्हानार न्हाई. सोडतानी डायरेक दारापुढं अर्धा तास."

विजयमालेच्या हातातली भाकरी तव्याच्या कडेला लागून दुमडली.

आता मागच्या खोलीत काय होतं ते सांगायलाच हवं. त्यासाठी जरा मागं जावं लागेल.

कल्याण भिंगारदिवे शेवगावकडच्या एका खेड्यातले. वडील सहादू विहिरी खणायचे, आई खुरपायला जायची. मुलगा वसतिगृहात राहून शिकला. तिथं एकदा मास्तरांनी काचेच्या नळीतल्या गुलाबी पाण्यात एक थेंब टाकला आणि गुलाबी पाणी नितळ झालं. बाकीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. कल्याणनं हात वर करून विचारलं, "गुलाबी गेलं कुठं?" मास्तर म्हणाले, "परीक्षेला येत नाही, खाली बस." तो बसला खाली, पण प्रश्न बसला नाही. तो प्रश्नच त्याला पुण्याला एम.एस्सी.पर्यंत घेऊन गेला आणि पुढं राहुरी तालुक्यातल्या एका कॉलेजात, जिथं प्रयोगशाळेला एक खिडकी, एक चालू नळ आणि एक बंद नळ होता.

मुलगी बघायला आले तेव्हा थोरल्यांनी आग्रह केला, मुलानंही काही विचारावं. मुलानं बराच विचार केला आणि विचारलं, "तुम्हाला कुठल्या वासाचा त्रास होतो का?" विजयमाला बी.ए. झालेली, इतिहासाची. तिनं स्वयंपाक, शिवण, पुढचं शिक्षण या सगळ्यांची उत्तरं तयार ठेवली होती, वासाचं नव्हतं. "नाही," ती म्हणाली. हे उत्तर तिनं अजाणतेपणी दिलं, हे तिला लग्नानंतर पहिला शर्ट धुताना कळलं. सर कॉलेजातून यायचे ते कधी सडक्या मासळीचा वास घेऊन, कधी जळक्या लसणाचा, तर कधी असा वास, ज्याला मराठीत नाव नाही आणि नसलेलंच बरं. एसटीत त्यांच्या शेजारी कुणी बसत नसे. "बघ," ते कौतुकानं सांगत, "आज पण मला अख्खं बाकडं मिळालं."

पीएच.डी. त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत केली. प्रत्येक पदार्थाला ते नंबर द्यायचे. विजयमालेला नंबर लक्षात राहत नसत, म्हणून तिनं नावं ठेवली. एक होती हळकुंडी. एक गाजरहलवा. एक सरकारी, कारण तो कितीही तापवला तरी काही करत नसे. सरही हळूहळू तीच नावं घेऊ लागले. पुण्याच्या एका परिषदेत त्यांनी भर सभेत पडद्यावरच्या आकृतीकडं बोट करून "आता गाजरहलव्याकडं वळू" म्हटलं होतं, हे त्यांच्याच एका विद्यार्थ्यानं घरी येऊन सांगितलं.

एक अवगुण मात्र होता. या माणसाला नकार देता येत नसे. संशोधनाची दुपार असो, प्राचार्यांनी निरोप धाडला की सर निघाले. परीक्षेवर देखरेख, झाडं लावणं, निवडणुकीचं काम, तपासणी समिती येणार म्हणून फायलींना लेबलं लावणं. चिकटवायला डिंक नसेल तर तोही सरच करून देत. "अहो, सांगायचं ना, आज जमणार नाही म्हणून," विजयमाला म्हणे. "असू दे," सर म्हणत. हा शब्द त्यांना वडिलोपार्जित मिळाला होता. "ह्याचा बा बी आसाच," विमलबाई सांगत. "इहिरीत पायाव दगूड पडला, तर मुकादमाला म्हनला, आसू द्या, दुसरा पाय हाय."

तर एकेचाळीस नंबरचा पदार्थ. कॉलेजातला खल फुटला म्हणून सरांनी एका रविवारी त्याची पूड घरी आणली आणि विजयमालेच्या खलबत्त्यात घोटली. आधी बॅटरीत ती पोपटी दिसत होती, घोटल्यावर केशरी दिसायला लागली. सर खलबत्ता घेऊन घरभर पळाले. तव्यावर जरा ऊब दिली तर पूड पुन्हा पोपटी झाली. घोटली, केशरी. ऊब दिली, पोपटी.

"घासलं की रंग बदलतो आणि गरम केलं की जागेवर येतो," विजयमाला म्हणाली. "तुमच्यासारखंच की. चहा दिला की झालं." आणि तिनं दुसऱ्या दिवशी मसाल्यासाठी नवा खलबत्ता आणला.

एकेचाळीसचं नाव पडलं हट्टी. कारण तो रंग का बदलतो हे कळायला त्याच्या आतले रेणू एकमेकांवर कसे रचलेत ते पाहावं लागतं, आणि ते दिसतं फक्त त्याच्या एका चांगल्या खड्यातून. साखरेच्या दाण्याएवढा असला तरी पुरे, पण अखंड, कडा धरलेला. तसा खडा पुण्याच्या यंत्रात ठेवला की क्ष-किरणांनी आतली सगळी रचना उमटते. यंत्रावर सरांचाच जुना विद्यार्थी पंकज होता. तो दर वर्षी विचारी, "सर, खडा झाला का?" आणि दर वर्षी हट्टीचं पीठ पडे. पातळ द्रावण बाटलीत घालून, तोंडाला टाचणीनं भोकं पाडलेला चांदीचा कागद लावून, हळूहळू उडू द्यायचं आणि त्याला अजिबात हलू द्यायचं नाही, एवढीच युक्ती. पण कॉलेज रस्त्यावर. गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाच्या जोडट्रॉल्या जायला लागत आणि प्रयोगशाळेतली प्रत्येक बाटली दात वाजवी.

शेवटी निवृत्तीचं वर्ष उगवलं तशी विजयमालेनंच जागा शोधली. ताटलीत काठोकाठ पाणी घेऊन ती घरभर हिंडली. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला की ताटलीत बघायचं. ओट्यावर पाणी नाचलं. कपाटात नाचलं. पुस्तकांच्या फळीवर बुद्धमूर्तीशेजारी तर लाटाच आल्या. मागच्या खोलीत, भिंतीत रोवलेल्या कडाप्प्याच्या सगळ्यात खालच्या फळीवर, जिथं तिची लोणच्याची बरणी होती, तिथं पाणी ढिम्म राहिलं. शिवाय त्या बरणीला तिच्याखेरीज कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. ओला हात लागला तर लोणचं जातं. सरांनाही तिथं मज्जाव होता. त्यांनी रीतसर परवानगी मागून बाटली बरणीशेजारी ठेवली.

पहिल्या खेपेला पंधरवड्यात तळाशी बारीक बारीक सुया दिसायला लागल्या होत्या. आणि एक दिवस विजयमाला बाजारात गेली असताना मच्छिंद्रअण्णा बॅटरी परत द्यायला आले.

मच्छिंद्रअण्णांची सारी हयात साखर कारखान्यात गेलेली. उसाचा पाक आटवून दाणा धरायच्या खात्यात ते होते. दाणा हा त्यांचा प्राण. सरांनी उत्साहानं त्यांना बाटली दाखवली आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. येऊन बघतात तर अण्णा बाटली कानाशी धरून खुळखुळ्यासारखी हलवत होते.

"सर, ढवळल्याबिगर दाना बसत न्हाई. तुमी नुसतं ठिवून दिल्तं. आता बघा, कसा धरतो का न्हाई!"

सुयांचं पीठ झालं होतं. सर पांढरेफटक पडले. पण म्हणाले काय?

"असू द्या अण्णा. बरं झालं."

त्या "बरं झालं"चा अर्थ अण्णांनी सरळ घेतला. आपल्या हातगुणानं सरांचं काम झालं, हे त्यांनी पारावर चार जणांना सांगितलं.

आता ही दुसरी खेप होती, आणि शेवटची. प्रयोगशाळेच्या किल्ल्या सरांनी देऊन टाकल्या होत्या. हट्टीची उरलीसुरली पूड या बाटलीत विरघळली होती. आणि या वेळी, आश्चर्य म्हणजे, तळाशी एकच खडा धरला होता. बाजूनं बॅटरी मारली की तो हिरव्या ज्योतीसारखा उभा दिसे, कडा अशा की कुणी पट्टीनं आखाव्यात. पंकजनं यंत्रावर सोमवारची वेळ धरून ठेवली होती. तोवर तो अजून थोडा भरायला हवा होता. मिरवणूक शनिवारी होती.

सर बाहेर आले. सम्राटनं पाया पडून पुन्हा सगळा बेत ऐकवला. सरांनी चष्मा पुसला.

"डीजे कशाला रे?"

"कशाला म्हंजी? नाना, आमच्याकडं ग्रामपंचायतीचा शिपाई रिटायर झाला, तर दोन डीजे व्हते. तुमी डाक्टर मानूस. तुमाला काय टाळ्या वाजवत घरी आनायचं?"

"तसं नाही. माझा आत एक खडा... वाढतोय."

"कुटं? किडनीत?" सम्राट दचकून उठला.

"बाटलीत. त्याला हादरा चालत नाही."

"केवढाय?"

"साखरेच्या दाण्यापेक्षा जरा लहान."

सम्राटनं आधी नानांकडं पाहिलं, मग काकूंकडं, मग छताकडं. त्याला हसू दाबायचं होतं. तेवढ्यात मच्छिंद्रअण्णा पुढं सरसावले.

"आरं, सर उगं भेत्यात. हादऱ्यानं दाना बसतो! आमच्या कारखान्यात आख्खी इमारत गदागदा हालायची, तरी पोत्यावर पोती भरायची का न्हाई? मागल्या टायमाला म्या हालवून दिलं तवा सर काय म्हनले? बरं झालं म्हनले. व्हय का न्हाई सर?"

सरांनी तोंड उघडलं. विजयमाला स्वयंपाकघराच्या दारात उलथनं घेऊन उभी राहिली. आता तरी बोला, असं तिच्या अंगाअंगावर लिहिलं होतं.

"असू द्या," सर म्हणाले. "चहा घ्या."

पाहुणे गेल्यावर तिनं उलथनं ओट्यावर आपटलं. "असू द्या काय? तुम्हाला बोलता येत नसेल तर मी सांगते."

"तू नको सांगू," सर घाईनं म्हणाले. "तू सांगितलंस तर तो शेवगावात जाऊन म्हणेल, काकूंनी मोडता घातला. पोरानं हौसेनं केलंय. मी सांगतो. उद्या फोन करतो."

तिला ते पटलं. पटलं म्हणूनच तिचा संताप झाला.

दुसऱ्या दिवशी सरांनी फोन केला. तुरीचं काय चाललंय, पाणी किती आहे, मोठ्या दादांचा गुडघा कसा आहे, सगळं विचारलं. फोन ठेवला. "सांगितलं?" "उद्या सांगतो. आज तो गडबडीत होता." पुढच्या खेपेला तर सम्राटच म्हणाला, नाना, तुमच्यासाठी आणखी दोन बेस जोडले. आणि सर म्हणाले, "छान."

"छान?" विजयमालेनं विचारलं.

"तोंडातून गेलं."

"आगं, खडा ऱ्हाऊ दे," विमलबाई खाटेवरून म्हणाल्या. "आधी ह्याच्या तोंडातनं नकार बाहेर पडतोय का त्ये पुन्याच्या मशिनीत घालून बघ."

बाटली हलवून दुसरीकडं नेणंही शक्य नव्हतं, नेताना हादरा बसलाच असता. विजयमालेनं फळीच्या दोन्ही बाजूंना गोधड्या खोचल्या. गुरुवारी पलीकडच्या आळीतून नवरदेवाची वरात गेली, तीही साध्या बँडची, तेव्हा तिनं बरणीजवळ ताटली ठेवून बघितलं. पाण्यावर बारीक काटा आला. आळी पलीकडची, बँड साधा, तरी काटा. मग दारापुढं अर्धा तास सम्राटची सिस्टीम म्हणजे काय होईल ते सांगायला रसायनशास्त्र लागत नव्हतं. सर तिच्यामागं उभे राहून ताटलीकडं बघत होते.  त्या रात्री ते नीट जेवले नाहीत, आणि भाजी त्यांच्या आवडीची, मेथीची होती.

शनिवार उजाडला. निघताना विमलबाईंनी सोहळ्याला यायला साफ नकार दिला. मागच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून, हातात काठी घेऊन त्या बसल्या. "कोन हलवतोय बघते. आवाजाला काठी मारता येत न्हाई, पर मानसाला येती."

कॉलेजच्या फाटकावर मोठा फ्लेक्स होता. मधोमध सरांचा फोटो आणि चारी कोपऱ्यांत, विद्यार्थ्यांनी प्रेमानं टाकलेले, चार हिरवे विंचू. भाषणं लांबली. प्रत्येकानं तेच सांगितलं. सरांनी कधी तक्रार केली नाही, कधी काही मागितलं नाही, दिलं ते काम केलं. प्राचार्य तर म्हणाले, "इतक्या वर्षांत सरांच्या तोंडून 'नाही' हा शब्द मी ऐकला नाही." टाळ्या झाल्या. विजयमालेनं टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारी बसलेल्या बाईंना वाटलं, बिचारीला भरून आलंय.

मग फेटे बांधले. सरांचा फेटा जरा मोठाच झाला, तो वारंवार चष्म्यावर उतरत होता. जीप निघाली आणि पुढं सम्राटनं सिस्टीम चालू केली.

आवाज कानात येण्याआधी पोटात आला. जीपचं दार थरथरलं, विजयमालेच्या बांगड्या आपोआप वाजायला लागल्या. बसस्टँडपाशी एका हॉटेलातले कप बशीतून चालायला लागलेले तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. मच्छिंद्रअण्णा सगळ्यांत पुढं, टोपी उडवत, कंबरेला न झेपेल इतकं नाचत होते. पोरं गुलाल उधळत होती. लोक गॅलऱ्यांतून हात हलवत होते, आणि ते प्रेम खोटं नव्हतं, हीच खरी पंचाईत होती. या सगळ्यांच्या कडब्यात, कौलांत, उशाखाली सरांची बॅटरी कधी ना कधी फिरली होती.

चौकात आल्यावर सरांनी हात वर करून, तळवा खाली दाबून, आवाज कमी कर अशी खूण केली. सम्राटनं लांबून ती पाहिली. नाना खूश होऊन ताल धरतायत असं त्याला वाटलं. त्यानं अंगठा दाखवला आणि बेस वाढवला.

पुढं दोन वळणं होती आणि मग घर. विजयमाला सरांच्या कानाला लागली. ओरडूनच बोलावं लागलं.

"मी उतरून सांगू का?"

सरांनी तिच्याकडं पाहिलं. फेटा पुन्हा चष्म्यावर आला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी वर केला, आणि जीप चालू असतानाच खाली उतरले. तिनं काळजीनं हात पुढं केला, पण ते उतरलेही होते.

नाचणाऱ्यांना वाटलं, सर नाचायला आले. एकच जल्लोष झाला. रिंगण झालं. मच्छिंद्रअण्णांनी सरांचे दोन्ही हात धरून वर केले, आणि सर, काय सांगावं, चार पावलं नाचले. तिथंही त्यांना नाही म्हणता आलं नाही. जीपमध्ये विजयमालेनं कपाळावर हात मारून घेतला. पण पाचव्या पावलाला सर रिंगणातून बाहेर पडले. नाचत नव्हते आता. गुलालानं लाल झालेला शर्ट, तिरपा फेटा, पोरांना खांद्यानं बाजूला करत ते सरळ डीजेच्या गाडीपर्यंत गेले आणि सम्राटकडं हात पसरला.

"माईक पायजे व्हय नाना?" सम्राटच्या चेहऱ्यावर आनंद मावेना. त्यानं गाणं थांबवलं. "ए, शांत ऱ्हावा! नाना दोन शब्द बोलनार!"

 लोकांनी मोबाईल वर केले. निवृत्त होताना माणूस काय बोलतो, आभार मानतो, आठवणी सांगतो, तेवढ्याची सगळ्यांनी तयारी ठेवली. कुणी टाळ्यांसाठी हात आधीच जवळ आणले. माईक खरखरला. सरांनी तो तोंडापासून जरा लांब धरला, वर्गात धरायचे तसा, आणि घसा साफ केला. विजयमालेला वाटलं, आता "असू द्या" येणार. तिनं जीपचा दांडा घट्ट धरला.

"अण्णा," सर म्हणाले, "मागच्या वेळी बाटली हलवली तेव्हा मी बरं झालं म्हणालो. ते बरं झालं नव्हतं. खड्याचं पीठ झालं होतं. ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

मच्छिंद्रअण्णांचा वर गेलेला हात तसाच राहिला.

"आणि सम्राट, तुझी सिस्टीम फार चांगली आहे. म्हणूनच सांगतो." त्यांनी फेटा सावरला. "मी आजवर कुणाकडं काही मागितलं नाही, असं आज सगळे म्हणाले. आता एकच मागतो. इथून माझ्या घरापर्यंत डीजे वाजवू नका. आत लोणच्याच्या बरणीशेजारी माझा एक खडा वाढतोय. सोमवारपर्यंत त्याला हादरा बसू देऊ नका."